ब्लूज हार्मोनिका शिकतेय, २ नंबरचा ड्रॉ घुसमटतो आणि बेंड अजिबात येत नाहीये, मदत करा

निळासूर:

नमस्कार मंडळी, इथे गाणंबजावणं करणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. वय ४२, नाशिकला असते, संगीताचं शिक्षण म्हणजे शाळेत असताना तीन वर्षं गाण्याचा क्लास, सरगम ओळखता येते, थाट वगैरे नावं आठवतात. बाबांकडे एक माऊथ ऑर्गन होता, रविवारी आंघोळ झाली की गॅलरीत बसून जुनी हिंदी गाणी वाजवायचे. ते गेल्यावर तो माझ्याकडे आला आणि पाच वर्षं कपाटातच होता. या पावसाळ्यात मुलाने लिटल वॉल्टर या अमेरिकन ब्लूज हार्मोनिकावाल्याचं 'जूक' लावलं होतं, मी पोळ्या लाटत होते, ते ऐकलं आणि हे बाबांच्याच वाद्याचं भावंड आहे हे पटेचना, इतका जाड आणि रडवेला आवाज. पोळ्या बाजूला ठेवून चार वेळा ऐकलं.

मग बाबांच्या माऊथ ऑर्गनवर प्रयत्न केला पण त्यावर तसं काहीच येईना (त्याला वर-खाली दोन ओळी मिळून ४८ खाचा आहेत), म्हणून १० होलवाला सी चा हार्मोनिका घेतला. रोज अर्धा तास, पाच आठवडे झाले. ४, ५, ६ चे सूर एकेकटे स्वच्छ येतात आता. पण २ नंबर आत ओढला की घुसमटल्यासारखा, बेसूर आवाज येतो, ३ चं पण जवळपास तेच, पीस खराब आहे का? बेंड (म्हणजे सूर खाली वाकवणं) तर नाहीच, व्हिडिओत सगळे म्हणतात जीभ मागे घ्या, कुठे मागे? आणि 'जूक' बरोबर वाजवायला गेले तर माझा एकही सूर त्याच्याशी जुळत नाही. शिवाय दोन मिनिटात छाती हवेने भरून येते आणि डोकं गरगरतं. बिल्डिंगच्या भिंती पातळ आहेत तेही एक आहेच. कुणी नीट सांगेल का, मला हे खरंच शिकायचंय.

दहाहोल:

ताई, पीस चांगलाच असणार, ९० टक्के वेळा पीस चांगलाच असतो. २ नंबरचा ड्रॉ प्रत्येकाला छळतो, मला दोन महिने छळला होता आणि मी दुकानात जाऊन बदलून पण आणला होता, दुसऱ्यावरही तोच आवाज. खात्री करायची सोपी युक्ती सांगतो. तुमच्या सी हार्पवर (हार्मोनिकालाच हार्प म्हणतात) २ ओढला की जो सूर येतो, तोच सूर ३ फुंकला की येतो, दोन्ही जी. आधी ३ फुंकून सूर कानात ठेवा आणि मग २ ओढा. २ चा सूर थोडा उतरलेला वाटला तर नकळत तुम्ही तो बेंड करताय! म्हणजे ज्या बेंडसाठी तुम्ही धडपडताय तो तुम्हाला चुकून येतोय, नको तिथे.

कारण एकच, जोर. सूर येत नाही म्हणून आपण अजून जोरात ओढतो, जोरात ओढलं की घसा आवळतो, जीभ वर येते आणि रीड (आतली हवेने हलणारी पट्टी) अजून घुसमटते. उलटं करा. १-२-३ तिन्ही एकदम ओढा, हलक्या श्वासाने, जांभई देताना घसा जसा उघडतो तसा ठेवून. छान भरलेला कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) येईल. तो चालू असतानाच ओठ हळूहळू लहान करत या, २ एकटा उरेपर्यंत, घसा मात्र तसाच उघडा. हार्प ओठांच्या टोकाला नको, ओठांच्या आतल्या ओलसर भागावर बसला पाहिजे, चांगला आत घ्या. आणि नाकातून हवा गळत नाहीये ना ते बघा, नाक चिमटीत धरून ओढून बघा, आवाज एकदम सुधारला तर गळत होती.

बाबांच्या वाद्याबद्दल, तो ट्रेमोलो. त्यात प्रत्येक सुराला दोन रीड असतात आणि त्या मुद्दाम किंचित वेगळ्या लावलेल्या असतात, म्हणून तो थरथरता गोड आवाज येतो. आपल्याकडे दुकानात माऊथ ऑर्गन मागितला की बहुतेक तोच हातात देतात. जुनी हिंदी गाणी त्यावर सुंदर वाजतात पण ब्लूजचे बेंड त्यावर निघत नाहीत कारण त्यात प्रत्येक रीड वेगळ्या खाचेत बसलेली असते. १० होलवाल्यात फुंकायची आणि ओढायची रीड एकाच खोलीत राहतात, सगळी जादू त्या शेजारामुळे आहे. तो जपून ठेवा, हा वेगळा.

गरगरणं: ब्लूजमध्ये ओढणं जास्त आणि फुंकणं कमी, म्हणून हवा आत साठत जाते. दोन वाक्यांच्या मधे हार्प न काढता नाकातून श्वास सोडून टाका. आणि गरगरलं की थांबायचं, त्यात हट्ट नको.

पेटीवाला_कोल्हापूर:

मी हार्मोनिका वाजवत नाही, पेटी वाजवतो, तीस वर्षं झाली साथीला. पण नातवाला हे वाद्य आणून दिलंय म्हणून त्याच्याबरोबर बसून समजून घेतलं. ताई, तुम्हाला सरगम येते ना, मग तुमचं काम निम्मं सोपं आहे, कसं ते सांगतो.

पेटी आणि हे वाद्य एकाच कुळातलं, दोन्हीकडे पितळेच्या रीड, हवेने हलणाऱ्या. फरक असा की पेटीवर मींड घेता येत नाही, आम्ही आयुष्यभर दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेसाठी तडफडतो. या एवढ्याशा डबीवर ती जागा मिळते! बेंड म्हणजे मींडच, वरच्या सुरावरून खाली घसरत येणारी. म्हणून बेंडला ट्रिक समजू नका, तो नसेल तर ब्लूज नाहीच, नुसते सूर राहतात.

आता तुमचा हार्प पांढरी १ चा, म्हणजे सी चा. पण ब्लूजवाले त्यावर सा पांढरी १ ला धरत नाहीत, पांढरी ५ ला, म्हणजे जी ला धरतात. ते याला सेकंड पोझिशन किंवा क्रॉस हार्प म्हणतात, आपण म्हणू पंचमाला षड्ज केला, मूर्च्छना बदलली. पांढऱ्या पट्ट्यांवर पांढरी ५ पासून चढत गेलात की काय मिळतं? कोमल निषाद, बाकी सगळे शुद्ध, म्हणजे खमाज थाट. आणि ब्लूजचा स्केल बघा, सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नि. तीव्र म काढला तर राग धानी उरतो. मी हे नातवाला सांगितलं तेव्हा तो हसला, मग पेटीवर वाजवून दाखवलं तेव्हा गप्प झाला.

तुमच्या हार्पवर तेच असं बसतं: सा म्हणजे २ ओढ. कोमल ग म्हणजे ३ ओढून अर्धा सूर खाली. म म्हणजे ४ फुंक. तीव्र म म्हणजे ४ ओढून खाली वाकवलेला. प म्हणजे ४ ओढ. कोमल नि म्हणजे ५ ओढ. वरचा सा ६ फुंक. मुख्य सूर बहुतेक ओढण्यावर आहेत कारण वाकतात ते तेच, म्हणूनच ही पोझिशन निवडली गेली असणार.

आणि एक, ब्लूजचा ग कोमलही नाही आणि शुद्धही नाही, मधे कुठेतरी तरंगतो. ते ऐकायला कान लागतो आणि तो तुमच्याकडे गाण्यामुळे थोडा तरी तयार आहे. म्हणून २ ओढ स्वच्छ झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, तो तुमचा षड्ज आहे, सा डळमळीत असेल तर बाकी सगळं डळमळणार.

निळासूर:

काका, दहाहोल, दोघांचे मनापासून आभार. ३ फुंकून २ ओढून बघितला, खरंच उतरलेला होता!! नाक धरून पण बघितलं, हवा गळत होती. आणि खमाज म्हटल्यावर एकदम ओळखीच्या घरात शिरल्यासारखं झालं. बेंडचं मात्र अजून कळलं नाही, जीभ नक्की कुठे न्यायची?

दहाहोल:

जोराने होत नाही हे पहिलं लक्षात ठेवा, जोराने फक्त रीड बसते (माझ्या दोन हार्पच्या ४ नंबरच्या रीड अशाच गेल्या, सूर कायमचा उतरला). बेंड म्हणजे तोंडातली जागा बदलणं. हार्प खाली ठेवा, श्वास आत ओढत शीळ घाला आणि शिळेचा सूर वरून खाली आणा. जीभ काय करते बघा, तिचा उंचवटा पुढून मागे सरकतो. आपण शाळेत वर्णमाला शिकलो तेच, य म्हणताना जीभ टाळूपाशी, क म्हणताना घशापाशी. य च्या जागेवरून क च्या जागेकडे सरका, आवाज न काढता, श्वास आत चालू ठेवून. वरचे होल जरा पुढे वाकतात, खालचे होल जास्त मागे, घशाकडे. म्हणून एका होलवर जमलेली जागा दुसऱ्यावर जशीच्या तशी चालत नाही, प्रत्येकाची जागा शोधावी लागते.

कुठला किती वाकतो तेही ठरलेलं आहे. त्या होलमधल्या ओढच्या आणि फुंकच्या सुरात जेवढं अंतर, त्याच्या आतलेच सूर मिळतात. ४ मध्ये डी आणि सी, मधे एकच सूर, म्हणून अर्धा सूर वाकतो. १ चं तेच. ६ मध्ये पण एकच. २ मध्ये जी आणि ई, मधे दोन. ३ मध्ये बी आणि जी, मधे तीन सूर, म्हणून ३ सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात अवघड. ५ मध्ये ई आणि एफ चिकटून, तिथे पूर्ण बेंड शोधत बसू नका, नाहीचे. ७ च्या पुढे उलटं होतं, तिथे ८, ९, १० फुंकून वाकतात, ते नंतर.

क्रम: ४, मग १, मग ६, मग २, शेवटी ३. फोनवर ट्यूनर ॲप लावून समोर ठेवा, ४ ओढला की डी दिसेल, काटा सी शार्पपर्यंत खाली आला की झालं. पहिल्यांदा आवाज नुसता बंद पडतो, तेही चांगलं लक्षण आहे, जीभ योग्य जागेच्या आसपास पोचलीये.

शिकागोकर:

मूळचा साताऱ्याचा, १४ वर्षं इथे शिकागोच्या उपनगरात. ताई, 'जूक' जुळत नाही यात तुमची चूक काहीच नाही, त्याची पट्टीच वेगळी आहे. लिटल वॉल्टरने ते ए च्या हार्पवर सेकंड पोझिशनमध्ये वाजवलंय, म्हणजे गाणं ई मध्ये, काकांच्या भाषेत सा पांढरी ३. तुमच्या सी वर तुम्ही पांढरी ५ ला सा धरणार, तो पांढरी ३ ला, जुळणार कसं. दुसरा हार्प घ्याल तेव्हा ए चा घ्या, तो सी पेक्षा खालचा असल्याने बेंडही थोडे मऊ जातात.

आता तुम्ही ज्या जाड आवाजाबद्दल लिहिलंय त्याबद्दल, कारण मलाही त्यानेच पकडलं होतं. तो आवाज नुसत्या हार्पचा नाही. इथे मॅक्सवेल स्ट्रीटवर रविवारचा बाजार भरायचा, दक्षिणेतून, मिसिसिपी-लुईझियानाकडून आलेले कृष्णवर्णीय कलाकार तिथे रस्त्यावर वाजवायचे, गर्दी इतकी की साधा हार्प ऐकूच जायचा नाही. त्यातून माईक आणि ॲम्प्लिफायर आले. लिटल वॉल्टर लुईझियानाचा, जन्म १९३०, पंधरा-सोळाचा असताना शिकागोत आला, आणि त्याने माईक आणि हार्प दोन्ही एकाच ओंजळीत घट्ट धरून छोट्या ॲम्पमधून असा आवाज काढला की तो हार्प न वाटता सॅक्सोफोन वाटावा. 'जूक' १९५२ चं, गाणं नाही नुसतं वाजवणं, आणि तरी अमेरिकेच्या आर ॲन्ड बी (रिदम ॲन्ड ब्लूज) लोकप्रियतेच्या यादीत आठ आठवडे पहिलं होतं. माणूस १९६८ साली गेला, वय फक्त ३७. हे लिहिताना अजूनही वाईट वाटतं.

त्याच्या आधीचा जॉन ली 'सनी बॉय' विल्यमसन नक्की ऐका, हार्पला साथीतून पुढे आणणारा तोच. त्याचं पहिलं रेकॉर्डिंग १९३७ साली अरोरा गावातल्या लेलँड हॉटेलात झालं. आम्ही बालाजीच्या देवळात जातो ते हेच अरोरा, आणि इतकी वर्षं त्या इमारतीजवळून गाडी नेताना मला हे माहीत नव्हतं. कळल्यावर एकदा मुद्दाम थांबून बघून आलो, अजून उभी आहे.

जिभेबद्दल एक मत वेगळं आहे माझं. ओठ गोल करून एक होल वाजवणं सोपं, सुरुवातीला तेच करा, पण टंग ब्लॉकिंग लवकर शिका, फार उशीर करू नका. चार होल ओठात घ्यायचे, जिभेने डावीकडचे तीन झाकायचे, उजवीकडचा एक वाजतो. मधूनच जीभ उचलली की मागे कॉर्डचा फटका बसतो. तो फटका म्हणजे शिकागोचा आवाज, नुसत्या ओठांनी तो येत नाही. लिटल वॉल्टर बहुतेक असाच वाजवायचा.

दहाहोल:

टंग ब्लॉकिंगबद्दल सहमत पण पाच आठवड्यात नको हो. आधी एक सूर आणि एक बेंड, नाहीतर दोन्हीकडे अर्धवट राहतं, मी राहिलो होतो.

अजून एक ताई, सूर सूर करताना ताल सोडू नका. रोज पहिली दहा मिनिटं आगगाडी करा, १-२-३ वर, ओढ-ओढ-फुंक-फुंक, आधी सावकाश, मग गाडी स्टेशनातून सुटल्यासारखी वेग घेत. यासाठी सनी टेरी ऐका, दोन्ही डोळे कमी वयातच दोन वेगवेगळ्या अपघातांत गेलेले, १९३८ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवलं, एकटा माणूस श्वासावर रेल्वे, कुत्रे, हाका सगळं उभं करतो. ॲम्प नाही काही नाही.

पेटीवाला_कोल्हापूर:

तालाचं बरं काढलंत. ताई, ब्लूजचं आवर्तन १२ खणांचं, प्रत्येक खणात ४ मात्रा, म्हणजे ४८ मात्रा. पहिले ४ खण सा चा कॉर्ड, मग २ खण म चा, २ खण परत सा, १ खण प, १ खण म, शेवटचे २ सा, आणि अगदी शेवटी प कडे वळून परत समेवर. तुमच्या हार्पवर सा चा कॉर्ड म्हणजे १-२-३-४ ओढ, त्यात प सा ग प असे सूर आहेत. म चा कॉर्ड म्हणजे तेच चार होल फुंक. प ला पूर्ण कॉर्ड नाही, नुसता १ किंवा ४ ओढा, तोच प आहे. प्रत्येक मात्रेचे तीन भाग आणि पहिले दोन जोडलेले, त्यामुळे ती झुलणारी चाल येते. टाळी देत आधी नुसतं तोंडाने म्हणा, दोन दिवस वाद्य हातात घेऊ नका.

शिळीसकाळ:

मी पण शिकतोय, मला दुकानदाराने सात पट्ट्यांचा स्वस्त सेट घ्यायला सांगितलंय, घेऊ का?

दहाहोल:

नको. स्वस्त सेटमध्ये हवा गळते, बेंड येत नाहीत आणि माणसाला वाटतं आपल्यातच काही कमी आहे. तेवढ्याच पैशात सी चा एक बरा घ्या. मी स्वतः होनरचा स्पेशल ट्वेंटी वापरतो, त्याचा मधला भाग प्लास्टिकचा असल्याने थुंकीने फुगत नाही. लाकडी घेतला तर पाण्यात बुडवून धुवायचा नाही. दोन्हीला नियम सारखेच, खाऊन लगेच वाजवायचं नाही, आधी चूळ भरायची, झालं की होल खाली करून तळहातावर आपटून थुंकी काढायची आणि उघडाच वाळू द्यायचा, लगेच डबीत नाही.

निळासूर:

चार आठवड्यांनी परत आलेय. सगळ्यांना सांगायचं होतं, ४ नंबर वाकला!!! घरी आवाजाचं टेन्शन असायचं म्हणून संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये गाडीत काचा लावून बसते वीस मिनिटं, तिथेच. आधी आठ-दहा दिवस नुसता आवाज बंद पडत होता, दहाहोल यांनी ते चांगलं लक्षण आहे लिहिलं नसतं तर सोडून दिलं असतं. मग एका दिवशी य वरून क कडे जाताना जबडा जरा सैल पडला आणि सूर खाली गेला, ट्यूनरवर सी शार्प दिसलं, आणि मी तशीच बसून राहिले. तो सूर म्हणजे तीव्र म आणि तो प वर परत चढताना जे काही होतं ना, ते 'जूक' मधलं रडवेलं जे होतं ते थोडंसं माझ्या हातात होतं. बाबांना दाखवायला हवं होतं.

२ ओढ आता ३ फुंकीशी जुळतो. १२ खणांचं आवर्तन तोंडपाठ आहे, पोळ्या करताना म्हणते, मुलगा पण म्हणायला लागलाय. ए चा हार्प मागवलाय.

पण ३ नंबरवर अडलेय. कोमल ग वर थांबताच येत नाही, शुद्ध ग वरून जे घसरते ते एकदम रे च्या पण खाली जाऊन पडते. मधे पाय टेकायला जागाच नाही. ट्यूनर बघत बसले तर काटा नुसता पळतो.

शिकागोकर:

अभिनंदन ताई! गाडीत वाजवणारे इथेही खूप आहेत, मी त्यातलाच. ३ ला वेळ द्या, मला सहा-सात महिने लागले. दर जूनमध्ये इथे मिलेनियम पार्कमध्ये ब्लूज फेस्टिवल असतो, फुकट असतो, कधी या बाजूला आलात तर कळवा.

पेटीवाला_कोल्हापूर:

फार आनंद झाला ताई. ३ साठी ट्यूनर बंद करा, डोळ्यांनी श्रुती सापडत नाही. फोनवर तानपुरा लावा, पांढरी ५, पंचमाचा. आधी हार्प बाजूला ठेवून गळ्याने गा, शुद्ध ग, मग कोमल ग, मग परत शुद्ध, आणि कोमल ग वर दहा मात्रा थांबा. गळा जिथे थांबतो तिथे जीभ आणि घसा कुठे आहेत ते लक्षात येईल. मग हार्पवर वरून खाली येऊ नका, पूर्ण वाकवून खालीच सुरू करा आणि हळूहळू वर सोडत या, जिना उतरताना जी पायरी चुकते ती चढताना सापडते. नातवाला असंच बसवलं, त्याला कोमल ग चढतानाच सापडला. तुमचा ए चा आला की तानपुरा पांढरी ३ ला घ्यायला विसरू नका.